‘मी काहीच नही करं’ : नेटवर्कच्या बिघाडांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वायफायवर लिहिलं तेव्हा वाटलं नव्हतं की एवढी पत्रं येतील. पण बहुतेकांचा प्रश्न वायफायचा नव्हताच. नेट बंद पडतं, कोणामुळे पडलं कळत नाही, दुरुस्त कसं झालं तेही कळत नाही आणि पंधरा दिवसांनी परत तेच, अशी सगळ्यांची रड. म्हणून यावेळी त्यातली पाच पत्रं घेतलीत. नावं मुद्दाम गाळलीत, कारण दोघांनी आपापल्या साहेबांबद्दल जरा जास्तच मोकळेपणाने लिहिलंय.

प्रश्न : चोपडा तालुक्यात आमचं ब्रॉडबँडचं काम आहे, नऊशेच्या आसपास कनेक्शन, फील्डवर तीन पोरं. तक्रारी व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात नाहीतर डायरेक्ट मला फोन. कोणती अटेंड झाली, कोणती राहिली पत्ता लागत नाही, गिऱ्हाईक चिडतं. एक जण सॉफ्टवेअर घ्या म्हणून मागे लागलाय पण वर्षाचे पैसे ऐकून चक्कर आली. फुकटात काही जमेल का?

भाऊ, जमेल, पण आधी एक सांगतो. तुम्हाला दोन वेगळी सॉफ्टवेअरं लागणार आहेत आणि लोक ती एकच समजून गोंधळ करतात. एक असतं ते यंत्रांवर नजर ठेवणारं, म्हणजे ओएलटी (फायबर जिथून गावभर वाटलं जातं ते आपल्याकडचं मुख्य यंत्र) चालू आहे का, राउटरचा सीपीयू किती, कोणत्या पोर्टवर किती ट्रॅफिक. दुसरं असतं माणसांच्या तक्रारींचा हिशोब ठेवणारं, ज्याला तिकीट सिस्टिम म्हणतात. पहिल्याचं नाव झॅबिक्स किंवा लिबर-एनएमएस, दुसऱ्याचं जीएलपीआय किंवा ओएस-टिकेट. चारही फुकट मिळतात, एखादा आठ जीबी रॅमचा जुना पीसी असेल तर त्यावर लिनक्स टाकून तुमच्या आकाराच्या नेटवर्कला आरामात पुरतात. पैसे लागतात ते बसवणाऱ्याचे आणि नंतर रोज ते उघडून बघणाऱ्याचे.

तुम्हाला मी जीएलपीआय सांगेन. फ्रान्समधलं आहे, २००३ पासून चालतंय, आणि त्यात एक गोष्ट आहे जी तुमच्या कामाची आहे. त्यात तक्रार, मूळ दुखणं आणि बदल हे तीन वेगवेगळे कप्पे आहेत. म्हणजे बघा, मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुमच्या एका गल्लीतल्या चाळीस लोकांचं नेट जातं, चार वाजता आपोआप येतं. चाळीस तक्रारी, चाळीस तिकिटं. पोरगं जातं, ओएलटी बंद-चालू करतं, सगळी तिकिटं बंद, सगळे खूष. दुसऱ्या दिवशी परत दोन वाजता तेच. आता हे चाळीस वेगळे प्रॉब्लेम नाहीत, हा एक प्रॉब्लेम आहे की तुमचा ओएलटी पत्र्याच्या खोलीत पेटीत कोंडून ठेवलाय, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आतला पंखा केव्हाचा बंद पडलाय. ती चाळीस तिकिटं एका ‘प्रॉब्लेम’ला जोडून ठेवली की महिन्याच्या शेवटी तुम्हालाच दिसतं की दीडशे रुपयाच्या पंख्यासाठी आपण पोराला तीस हेलपाटे घातले. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे कधीच दिसणार नाही, तिथे ते सगळं गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली जातं.

गिऱ्हाइकाला तिकीट टाकायला लावू नका, ते टाकणार नाही, त्याला फोनच करायचाय. फोन घेणाऱ्याने टाकायचं. चारच गोष्टी: कोण, कुठे, कधीपासून, लाल लाइट लागलाय का. बस. मी एका ठिकाणी बावीस रकाने असलेला फॉर्म बघितलाय, पोरं सगळीकडे ‘ओके’ लिहून मोकळी व्हायची.

नजर ठेवण्याचं म्हणाल तर सुरुवात ओएनयूला (गिऱ्हाइकाच्या घरातला फायबरचा डबा) किती प्रकाश पोचतो तिथून करा. घरातल्या ओएनयूला मिळणारी पॉवर साधारण उणे २७ डीबीएमच्या (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा मोठा तितका प्रकाश कमी) खाली गेली की तो तग धरत नाही. उणे १९ वर असलेला माणूस आठ दिवसात उणे २५ वर आला म्हणजे कुठेतरी वायर दबलीय, खारीने कुरतडलीय किंवा स्प्लाइस (फायबरचा सांधा) बिघडलाय. त्याने फोन करायच्या आधी तुम्ही पोरगं पाठवू शकता, आणि गिऱ्हाइकाने न सांगता दुरुस्ती झाली की ते जे गावभर सांगत सुटतं ती जाहिरात पैसे देऊन मिळत नाही. मात्र स्वस्तातले काही ओएलटी हे आकडे बाहेर नीट देत नाहीत, घेताना एसएनएमपीवर (यंत्रांकडून असे आकडे मागवायची ठरलेली भाषा) पॉवर दिसते का ते दुकानदाराला दाखवायलाच लावा. आणि एसएनएमपी चालू केलं की त्याचा कंपनीने टाकलेला पासवर्डवजा शब्द ‘पब्लिक’ असतो तो पहिल्यांदा बदला, घराला कुलूप लावून किल्ली पायपोसाखाली ठेवल्यासारखं आहे ते.

अजून एक, तुम्ही सर्व्हिस प्रोव्हायडर आहात म्हणून. सर्ट-इनचा (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, लॉग (यंत्रांनी केलेल्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवायचे आणि सायबर घटना घडली तर कळल्यापासून ६ तासात कळवायचं. लॉग राउटरमधेच ठेवले तर रीबूटला उडून जातात. त्याच जुन्या पीसीवर सिसलॉग (सगळ्या यंत्रांच्या नोंदी एका जागी गोळा करायची सोय) घ्या, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीने जुळवा, नाहीतर राउटर म्हणतो नऊ वाजता बिघडलं आणि ओएलटी म्हणतो १९७० साली.

प्रश्न : धुळ्यात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधे असिस्टंट आहे. शनिवारी सगळं चालू असतं, सोमवारी आलं की अर्ध्या लॅबला नेट नाही. कोणाला विचारलं तर एकच उत्तर, ‘मी काहीच नही करं’. कोणी काय केलं हे दाखवणारं सॉफ्टवेअर असतं का? मला कोणाला फाशी नाही द्यायचं पण दर वेळी बोलणी मीच खातो.

तुमचं पत्र वाचून हसलो, कारण मी पंधरा वर्षं हे वाक्य ऐकतोय आणि खरं सांगू का, दोन-चार वेळा मी स्वतःच म्हटलंय.

असतं, आणि फुकट असतं. ऑक्सिडाइज्ड नावाचं आहे. त्याच्या आधी रॅन्सिड नावाचं होतं, अजूनही लोक वापरतात. काम एकच, ठरलेल्या वेळाने प्रत्येक स्विच-राउटरमधे लॉगिन करायचं, त्याचं कॉन्फिग (सगळ्या सेटिंगची यादी) उतरवून घ्यायचं आणि मागच्याशी ताडून बघायचं. फरक सापडला तर कोणती ओळ गेली, कोणती आली ते दाखवतं, ईमेलही पाठवता येतो. म्हणजे शनिवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पोर्ट १४ व्हीलॅन २० मधे (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमधे पाडलेले वेगळे वाडे) होता आणि सहाला तो व्हीलॅन १ मधे गेला हे सोमवारी सकाळी चहा पितापिता कळतं. मायक्रोटिक, सिस्को, ज्युनिपर सगळं चालतं. तुमचे स्विच मॅनेज्ड (म्हणजे आत लॉगिन करून सेटिंग बदलता येणारे) असले पाहिजेत एवढंच, चौदाशे रुपयाच्या प्लॅस्टिकच्या डब्याला काय विचारणार, त्याला स्वतःचं नावसुद्धा माहीत नसतं.

पण ‘कोणी’ हे कळायला सॉफ्टवेअर पुरत नाही. तुमच्या लॅबमधे सगळे ‘ॲडमिन’ नावानेच लॉगिन करत असणार, पासवर्ड कॉलेजचं नाव आणि पुढे १२३, बरोबर ना? मग लॉगमधे नाव पण ॲडमिनचंच येणार. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि माझा अनुभव असा की वेगळं लॉगिन दिल्यादिवशीच निम्मे बिघाड बंद होतात.

दुसरी शक्यता अशी की खरंच कोणी कॉन्फिगला हात लावलेला नसेल. झाडणाऱ्या मावशींना टेबलाखाली एक वायर लोंबकळताना दिसली, त्यांनी शहाण्या माणसासारखी ती भिंतीतल्या रिकाम्या खाचेत खोचून दिली. आता त्या वायरचं दुसरं टोक त्याच स्विचमधे असेल तर झाला लूप, पाकिटं (डेटाचे तुकडे) गोलगोल फिरत बसतात आणि सगळी लॅब आडवी. यावर औषध जुनं आहे, रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून त्यातली एक वाट बंद ठेवणारी पद्धत) शोधलं ते यासाठीच, तुमच्या मॅनेज्ड स्विचमधे ते आहे, चालू आहे का बघा आणि लॅबकडे जाणाऱ्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड (तिथे दुसरा स्विच किंवा लूप दिसला की पोर्टच बंद करतो) लावा. किंवा मग कोण्या सरांनी घरून वायफाय राउटर आणून उलटा लावला असेल आणि तो सगळ्यांना स्वतःचे आयपी वाटत बसला असेल. त्यावर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे ठरलेल्या पोर्टाशिवाय कुठूनही आयपी वाटू न देणारी सोय. या दोन्ही गोष्टी एकदाच करायच्या आहेत.

आता माझं ऐका, म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी जळगावात बसून साक्रीजवळच्या एका साइटच्या स्विचवर एक नवा व्हीलॅन टाकत होतो. सिस्कोचा स्विच. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकाच वायरीतून नेणारा पोर्ट) आधी चार व्हीलॅन होते, पाचवा जोडायचा. कमांडमधे ‘ॲड’ हा शब्द लिहायचा असतो. मी तो विसरलो. ‘ॲड’ लिहिलं नाही की स्विच समजतो की आधीचे सगळे काढ आणि हा एकच ठेव. त्याने तसंच केलं, आणि ज्या व्हीलॅनवरून मी आत गेलो होतो तोही त्यात गेला. समोरची काळी खिडकी गोठली, रात्रीचे साडेनऊ. मग मोटारसायकल, धुळ्यापर्यंत ट्रकांच्या मागे, पुढे साक्री, जवळपास दीडशे किलोमीटर. पोचून काय केलं तर केबल लावली आणि तीन अक्षरं टाइप केली. येताना धुळ्यात स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली, तेवढंच काय ते चांगलं झालं.

सकाळी साहेबांनी विचारलं काय झालं होतं, तर मी काय म्हटलो असेन तुम्हाला माहीतच आहे.

आणि हे टाळता येत होतं हो. सिस्कोमधे लांबचं काम सुरू करायच्या आधी ‘रीलोड इन १०’ द्यायचं, म्हणजे दहा मिनिटात तू स्वतःहून रीस्टार्ट हो. सेव्ह न करता बदल करायचा, सगळं नीट चाललं तर रीलोड रद्द करून सेव्ह करायचं, आपण बाहेर फेकले गेलो तर दहा मिनिटात तो जुन्या कॉन्फिगवर परत येतो. ज्युनिपरमधे तर हे आणखी छान आहे, ‘कमिट कन्फर्म्ड’, ठरलेल्या वेळेत तुम्ही पक्कं केलं नाही तर बदल आपोआप मागे, वेळ दिली नाही तर दहा मिनिटं धरतो. मायक्रोटिकवाल्यांनी टर्मिनलमधे कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड घ्यायचा, कनेक्शन तुटलं की काही मिनिटांत केलेलं सगळं उलटतं. मोटारसायकलची फुकटची फेरी वाचते.

प्रश्न : रावेरकडे आमचं केळीचं पॅकहाउस आणि रायपनिंग चेंबर (केळी पिकवायच्या खोल्या) आहेत, सहा शेड, कॅमेरे आणि तापमानाचे सेन्सर सगळे नेटवर्कवर. पोराने झॅबिक्स बसवून दिलं. आता रात्री मोबाइलवर दोन-तीनशे मेसेज येतात, मी म्यूट करून टाकलं. मागच्या आठवड्यात खरंच एक चेंबर बंद पडला आणि मला सकाळी कळलं. माल वाचला थोडक्यात. बंद करू का हे झेंगट?

दादा, बंद करू नका, पण तुमच्या पोराने जे केलंय ते सगळेच पहिल्यांदा करतात, दिसेल त्या प्रत्येक गोष्टीवर घंटी बांधतात.

लाइट गेली की काय होतं बघा. शेड चारचा स्विच पडला, त्याच्या मागचे बावीस कॅमेरे आणि सेन्सर दिसेनासे झाले, आले तेवीस मेसेज. लाइट आली, तेवीस ‘बरं झालं’चे मेसेज. रावेरात रात्रीतून लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला मी काय सांगू. झॅबिक्समधे ट्रिगर डिपेंडन्सी म्हणून सोय आहे, पोराला सांगा की कॅमेऱ्याचा ट्रिगर (घंटी कधी वाजवायची ती अट) स्विचवर अवलंबून कर, मग स्विच पडला तर एकच मेसेज, कॅमेरे गप्प. नागिऑसमधे (झॅबिक्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) हेच ‘पेरेंट’ म्हणून असतं, आणि तो तर ‘पडलाय’ आणि ‘मला तिथपर्यंत पोचता येत नाही’ हे दोन वेगळे सांगतो, मला ते फार आवडतं, माणसांनीही असंच बोलावं.

दुसरं, एक पिंग (यंत्राला मारलेली ‘आहेस का’ अशी हाक) चुकला की लगेच ओरडायचं नाही. तीन-चार वेळा विचारून मग. आणि तापमानाला चढताना एक आणि उतरताना दुसरी रेघ ठेवा, म्हणजे समजा २० ला घंटी वाजली तर १८.५ ला आल्याशिवाय ती बंद व्हायची नाही, नाहीतर १९.९ आणि २०.१ मधे रात्रभर टिणटिण.

आणि शेवटी वही घेऊन बसा आणि प्रत्येक मेसेजसमोर लिहा की हा आला तर मी रात्री दोन वाजता उठून काय करणार. उत्तर ‘काही नाही, सकाळी बघू’ असेल तर तो मोबाइलवर नको, सकाळच्या ईमेलला टाका. माझा अंदाज आहे तुमच्याकडे खरे उठवणारे पाच-सहाच निघतील: चेंबरचं तापमान, जनरेटर सुरू न होणं, मुख्य स्विच, असे. ते मेसेज नको, फोनची रिंगच वाजली पाहिजे. फायबरवर असाल तर आणखी एक गंमत, बरेचसे ओएनयू वीज जाताना शेवटचा आचका म्हणून एक सिग्नल पाठवतात, ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात त्याला. तो आला म्हणजे लाइट गेली, तो न येता गायब झाला म्हणजे वायर तुटली, बहुतेक जेसीबी. तुमच्या नेटवाल्याला विचारा, त्याच्याकडे दिसत असतं.

प्रश्न : जळगावात एका पतसंस्थेत आयटी बघतो. आमच्या मॅनेजर साहेबांनी कुठेतरी ट्रेनिंग घेतलं आणि आता नेटवर्कमधे काहीही बदलायचं तर पाच सह्यांचा फॉर्म. एक केबल बदलायला तीन दिवस. हे खरंच असं असतं का?

साहेबांचं अर्धं बरोबर आहे. ते आयटिल शिकून आलेत, ब्रिटिश सरकारने १९८० च्या दशकात आपल्या खात्यांसाठी लिहून काढलेली पद्धत, त्यात बदलाला मंजुरी असते हे खरं. पण त्यातच बदलाचे प्रकार पण सांगितलेत. नेहमीचे ठरलेले बदल एकदाच मंजूर करून ठेवायचे, केबल त्यात येते. धोक्याचे बदल बघून-विचारून. आणि आग लागली तर आधी विझवा मग कागद. साहेब बहुतेक जेवणाच्या सुट्टीनंतरच्या लेक्चरला डुलकी काढत असावेत (हा अंक त्यांना दाखवू नका).

सह्यांनी धोका कमी होतो असंही नाही. कॅनडात रॉजर्स कंपनीचं सगळं नेटवर्क ८ जुलै २०२२ ला झोपलं, सव्वा कोटीच्या आसपास लोक, मोबाइल नाही, नेट नाही, कार्डाने पैसे देता येईनात. कारण काय, सात टप्प्यांचं एक काम चालू होतं, त्यातल्या सहाव्या टप्प्यात राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला आणि मधल्या मोठ्या राउटरांवर रूटचा (डेटा कोणत्या वाटेने न्यायचा त्या नोंदींचा) पूर आला. आता गंमत ऐका. पहिल्या टप्प्याला धोका ‘जास्त’ असं लिहिलं होतं, आधीचे टप्पे सुरळीत गेले म्हणून सहाव्यापर्यंत तो ‘कमी’ झाला होता. कागद सगळा नीट होता. आपल्याकडे घाटात पाच वळणं नीट गेली म्हणून सहाव्याला ड्रायव्हर मोबाइल काढतो, तसं.

साहेबांना चार ओळींचा फॉर्म द्या: काय बदलणार, कधी, नीट झालं हे कशावरून कळणार, नाही झालं तर मागे कसं येणार. चौथी ओळ ज्याला लिहिता येत नाही त्याला परवानगी द्यायचीच नाही, मग पाच सह्या असोत की पन्नास. आणि सही एकच, ज्याला ते काम कळतं त्याची. महिनाअखेर, मार्चएंड आणि शनिवारी संध्याकाळी बदल बंद ठेवा, शनिवारी बिघडलं तर रविवारी येणार कोण, तुम्हीच ना?

हेही जीएलपीआयमधे ‘बदल’ म्हणून टाकता येतं. वीसच यंत्रं असतील तर एक्सेलही चालेल, फक्त ती फाइल एकाच ठिकाणी ठेवा, ‘फायनल’, ‘फायनल-२’ आणि ‘खरंच फायनल’ अशा तीन झाल्या की संपलं.

प्रश्न : धडगावला एका संस्थेच्या शाळांचं नेट बघते, रेडिओ लिंकवर चालतं. अपटाइम कुमा (नेट चालू आहे का बघणारं सॉफ्टवेअर) बसवलंय, टेलिग्रामवर अलर्ट येतो. पण लिंकच पडली तर अलर्ट येतच नाही, मग उपयोग काय?

ताई, या अंकातला सगळ्यात हुशार प्रश्न तुमचा.

पहारेकरी ज्या वाड्यात झोपतो तोच वाडा जळाला तर हाक कोण मारणार. फेसबुकवाल्यांचं ४ ऑक्टोबर २०२१ ला हेच झालं, आठवत असेल, रात्री नऊच्या सुमारास आपल्याकडे व्हॉट्सॲप बंद पडलं आणि लोक मोबाइल बंद-चालू करत बसले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने त्यांची डेटा सेंटरं जोडणारं नेटवर्कच तुटलं, अशी चुकीची कमांड अडवायला एक सॉफ्टवेअर होतं पण त्यातच बग निघाला. मग दुरुस्त करायची साधनंही त्याच नेटवर्कवर, ती पण बंद, शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरला धाडली. सहाएक तास गेले.

तुम्ही दोन गोष्टी करा. एक, अपटाइम कुमाची दुसरी कॉपी बाहेर कुठेतरी ठेवा, नंदुरबारच्या ऑफिसात दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर चालेल, आणि ती धडगावकडे बघू दे. किंवा उलटं, त्यात ‘पुश’ नावाचा प्रकार आहे, धडगावचा पीसी दर मिनिटाला नंदुरबारला ‘मी आहे’ सांगतो, सांगणं थांबलं की नंदुरबारवाला ओरडतो. पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) नसेल तर हेच सोपं पडतं. दोन, जमलं तर सिमचा एक छोटा राउटर टाका, निव्वळ आत शिरायची मागची वाट म्हणून. तिथे ज्या कंपनीची रेंज येते तिचं सिम, स्वस्त प्लॅन बघून नाही.

आणि एक कागद भिंतीवर लावा, टॉवरच्या चाव्या कोणाकडे, लाइटवाला कोण, लिंकवाल्याचा नंबर, कोणतं यंत्र आधी चालू करायचं. हे सगळं तुम्ही ज्या गूगल शीटमधे लिहिलं असेल ते लिंक पडल्यावर उघडणार नाही. राउटरचा पासवर्ड मात्र त्या कागदावर नको, मी एका शाळेत तो फळ्यावर खडूने लिहिलेला बघितलाय, खाली ‘पुसू नये’.